एका माणसाचे दोन पूल: अल्बर्ट फिंक आणि रेल्वेच्या मालभाड्याचं गणित

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पिओरिया आणि गिलमन अशी दोन गावं आहेत. दोन्हीकडून न्यूयॉर्कला माल जायचा आणि रेल्वे कंपनीही एकच, वाबाश. पिओरियाहून माल पाठवला तर 100 पौंड वजनाला 15 सेंट भाडं आणि गिलमनहून पाठवला तर 25 सेंट. आता यातली मेख अशी की गिलमन न्यूयॉर्कला 86 मैल जवळ आहे. म्हणजे कमी अंतर जा आणि जास्त पैसे मोजा! हे प्रकरण 1886 साली थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं होतं, त्यामुळे आकडे कोर्टाच्या निकालातच आहेत.

पहिल्यांदा वाचलं की कोणीही म्हणेल ही सरळसरळ लूट आहे. गिलमनचे व्यापारीही तेच म्हणत होते, आणि त्यांचं पूर्ण चुकत होतं असंही नाही. पण हे असं का व्हायचं याचं उत्तर नुसतं 'कंपनी लबाड' इतकं सोपं नाहीये. ते उत्तर पहिल्यांदा नीट आकड्यांत मांडणाऱ्यांपैकी एक माणूस म्हणजे अल्बर्ट फिंक. त्याची गोष्ट सांगता सांगता मालभाड्याचं गणितही सोडवून टाकू, कारण दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे काढताच येत नाहीत.

फिंक मूळचा जर्मन. 1827 साली हेसमधल्या लाउटरबाख गावी जन्म, डार्मश्टाटला इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर शिकला, 1848 ला शिकून बाहेर पडला आणि 1849 ला अमेरिका गाठली. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, त्यामुळे लोक त्याला 'जर्मन राक्षस' टाइप नावाने ओळखायचे (प्रेमाने हं). बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेत लागला आणि काम काय, तर पूल बांधणे. 1852 ला फेअरमाँटला मोनोंगाहेला नदीवर त्याच्या डिझाइनचा लोखंडी पूल उभा राहिला, 205 फुटांचे तीन गाळे. 1854 ला पेटंट घेतलं, 'फिंक ट्रस' (ट्रस म्हणजे दांड्या-सळया जोडून केलेला पुलाचा सांगाडा) हे नाव आजही इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत आहे.

या ट्रसबद्दल दोन वाक्यं सांगतोच, कारण पुढे कामाला येतील. पुलावरच्या प्रत्येक खांबाखालून तिरक्या सळया निघतात आणि त्या खांबावरचा भार वर टोकांकडे ओढून नेतात. म्हणजे इंजिनिअरला कागदावर सांगता येतं की या ठिकाणी एवढं वजन आलं तर ते नेमकं कुठल्या सळईतून कुठे जातं. 'पुलावर एकूण एवढा भार, भागिले सळया, आला सरासरी भार' असं कोणी केलं तर पूल नदीत जाईल. सरासरीवर पूल उभा राहत नाही. हे डोक्यात पक्कं बसलेला माणूस पुढे जाऊन रेल्वेच्या जमाखर्चाला हात घालतो, आणि मग जे व्हायचं ते होतं.

1857 ला तो लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत आला, केंटकी आणि टेनेसी जोडणारी लाइन, साधारण 185 मैल. मनफर्डव्हिलला ग्रीन नदीवरचा मोठा पूल त्याचाच. 1859 च्या ऑक्टोबरमध्ये लाइन पूर्ण सुरू झाली आणि दोन वर्षं होत नाहीत तोवर उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. लाइन बरोब्बर दोन्ही बाजूंच्या मधोमध! सैन्याला रसद याच रुळांवरून, म्हणून उडवायचेही हेच रूळ. ग्रीन नदीच्या पुलाचा एक भाग उडवला गेला, मग 1862 च्या डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या मॉर्गन नावाच्या सेनापतीच्या घोडेस्वारांनी मल्ड्रॉ हिलचे दोन प्रचंड लाकडी पूल जाळले. आज बांधायचं, उद्या ते जाळणार, परवा परत बांधायचं. फिंकने ही चार वर्षं अशीच काढली. मला वाटतं इथेच त्याला एक गोष्ट अंगवळणी पडली असणार, की एक गाडी जावो नाहीतर शंभर जावोत, पूल तर बांधावाच लागतो, आणि त्याचा खर्च गाड्या मोजून येत नाही.

1865 ला त्याला जनरल सुपरिटेंडेंट केलं, म्हणजे आता गाड्या चालवणं, माल मिळवणं, भाडं ठरवणं सगळं त्याच्या गळ्यात. नंतर व्हाइस प्रेसिडेंटही झाला. मधल्या काळात 1870 ला ओहायो नदीवर लुइव्हिलचा मैलभर लांबीचा पूल पूर्ण केला, त्यातला एक गाळा 400 फुटांचा. पण त्याचं खरं मोठं काम पुलाचं नाही, रिपोर्टचं आहे. 1874 चा कंपनीचा वार्षिक रिपोर्ट. वार्षिक रिपोर्ट म्हटलं की झोप येते, कबूल. पण या एका रिपोर्टमुळे त्याला रेल्वे अर्थशास्त्राचा जनक म्हणतात, तर जरा डोळे उघडे ठेवा.

तेव्हा सगळ्या रेल्वे खर्च मोजायच्या तो 'टन-मैल' नावाच्या मापाने. एक टन माल एक मैल नेला की झाला एक टन-मैल. वर्षाचा सगळा खर्च भागिले वर्षाचे सगळे टन-मैल, आला एक आकडा. मग वर्तमानपत्रं, शेतकऱ्यांचे पुढारी, आमदार सगळे तो आकडा धरून बसायचे की बघा, खर्च टन-मैलाला दीड सेंट आणि आमच्याकडून घेता चार सेंट, कायदा करा आणि सगळीकडे एकच रेट लावा. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं.

फिंकचं म्हणणं होतं की हा आकडा म्हणजे पुलाचा सरासरी भार. निरुपयोगी.

एक डबा घेऊन बघू, जवळून. 1870 च्या आसपासचा अमेरिकन मालडबा, लाकडी, बंद, 10 टन क्षमतेचा. त्यात पिठाची पिंपं भरायचीत. एका पिंपात 196 पौंड पीठ, म्हणजे डब्यात नव्वद-शंभर पिंपं बसणार. सकाळी रिकामा डबा शोधून शंटिंग करून मालधक्क्याला लावायचा. हमाल एकेक पिंप गडगडवत आणणार, कारकून दारात उभा राहून मोजणार, फुटकं आहे का बघणार, बिल लिहिणार, त्याच्या नकला करणार. मग इंजिन येऊन डबा ओढून दुसऱ्या रुळावर नेणार, तिथे बाकीच्या डब्यांची वाट बघत तो उभा, कधी दिवस कधी दोन दिवस. डबे जोडताना माणूस मध्ये उभा राहून हाताने कडीत खिळा घालणार, त्यात कितीजणांची बोटं गेली त्याची गणती नाही. मग गाडी सुटणार. तिकडे पोचल्यावर हाच सगळा तमाशा उलटा.

आता मला सांगा, गाडी 10 मैल गेली काय आणि 200 मैल गेली काय, या दोन टोकांच्या तमाशात काही फरक पडला का? नाही ना.

समजा (आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी) दोन्ही टोकांचा मिळून खर्च डब्यामागे 4 डॉलर आणि डबा ओढायचा खर्च मैलाला 5 सेंट. 10 मैल नेला तर 4 डॉलर अधिक अर्धा डॉलर, साडेचार डॉलर. 10 टन गुणिले 10 मैल म्हणजे 100 टन-मैल, तर टन-मैलाला पडले साडेचार सेंट. तोच डबा 200 मैल नेला तर 4 अधिक 10, 14 डॉलर, पण टन-मैल झाले 2000, म्हणजे टन-मैलाला 0.7 सेंट. तोच डबा, तेच पीठ, तेच हमाल, आणि खर्चात सहापटीपेक्षा जास्त फरक! आणि समजा पलीकडून परत येताना माल मिळालाच नाही, डबा रिकामा ओढून आणावा लागला, तर 200 मैलांचेच 14 चे 24 डॉलर होतात, 0.7 चे 1.2 सेंट. रिकामा डबाही फुकट येत नाही, हे माल पाठवणाऱ्याला दिसतच नाही कारण त्याचा डबा तर भरलेला गेला.

आणि हे फक्त डब्याचं झालं, अजून खालचा रूळ बाकी आहे. रूळ, स्लीपर, पूल, चौकीदार, हेड ऑफिसचे पगार हे सगळं माल येवो न येवो चालूच राहतं. एक मैल लाइन सांभाळायला वर्षाला समजा 1000 डॉलर लागतात. त्यावरून वर्षात 10,000 टन माल गेला तर टनामागे मैलाला 10 सेंट नुसते रुळाचे. 2,00,000 टन गेला तर अर्धा सेंट. म्हणून गर्दीची मेन लाइन आणि एखादा झोपाळू फाटा यांना एकच रेट लावला तर एकतर मेन लाइनवाला लुटला जाणार नाहीतर फाटा बंद पडणार.

फिंकने काय केलं, तर हे नुसतं तोंडाने न सांगता आख्ख्या कंपनीचा खर्च फोडून काढला. मोठे चार ढीग. पहिला, लाइन आणि वरची व्यवस्था यांचा, जो मालाच्या प्रमाणात फारसा हलत नाही, तो लाइनच्या मैलावर मोजायचा. दुसरा स्टेशनांचा, तो किती वजन हाताळलं त्यावर. तिसरा गाड्या चालवण्याचा, तो गाडी किती मैल धावली त्यावर. आणि चौथा भांडवलावरचं व्याज, ज्याचा मालाशी काही संबंध नाही पण जे दिल्याशिवाय सुटका नाही. प्रत्येक ढिगात पुन्हा बारीकसारीक खाती, आणि हे सगळं कंपनीच्या प्रत्येक फाट्यासाठी वेगवेगळं. आज कुठल्याही कंपनीत फिक्स्ड कॉस्ट आणि व्हेरिएबल कॉस्ट असे शब्द सर्रास वापरतात, त्याची पाळंमुळं शोधत गेलं तर अशा रेल्वेवाल्यांपर्यंतच पोचतो आपण. कम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, शाई आणि वह्या फक्त!

इथवर फिंक सगळ्यांना आवडतो. पुढची गोष्ट जरा वादाची आहे.

कारण खर्चाची अशी फोड केली की एक भयंकर गोष्ट दिसायला लागते. समजा शिकागो ते न्यूयॉर्क 100 पौंड माल न्यायला सगळं धरून 50 सेंट पडतात. पण त्यातले 30 सेंट रूळ, व्याज, हेड ऑफिस असले, जे माल नसला तरी जाणारच. माल घेतल्यामुळे नव्याने होणारा खर्च फक्त 20 सेंट. आता शेजारची रेल्वे 50 ऐवजी 45 घ्यायला लागली आणि तुमची गिऱ्हाइकं तिकडे निघाली तर तुम्ही काय कराल? 40 कराल. ती 35 करेल. 20 च्या वर जे काही मिळेल ते नाही मिळण्यापेक्षा बरंच ना, म्हणून दोघंही खाली खाली जात राहणार. साधा दुकानदार तोट्यात गेला की दुकान बंद करून दुसरा धंदा बघतो. रूळ उपटून दुसरीकडे नेता येत नाहीत. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, कंपनी बुडाली तरी स्पर्धा संपत नाही, उलट दिवाळखोर रेल्वे कोर्टाच्या ताब्यात गेली की तिला तेवढा काळ व्याज द्यावं लागत नाही, मग ती अजूनच स्वस्तात माल ओढायला मोकळी. इरी रेल्वे 1875 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तरी तिच्या गाड्या चालूच होत्या.

1873 ची मंदी आल्यावर हेच झालं. शिकागो आणि पश्चिमेकडून पूर्व किनाऱ्याला येणाऱ्या न्यूयॉर्क सेंट्रल, इरी, पेनसिल्व्हेनिया, बाल्टिमोर अँड ओहायो आणि कॅनडातून येणारी ग्रँड ट्रंक यांची नुसती जुंपली. छापील रेट एक, खरा रेट वेगळा, मोठ्या गिऱ्हाइकाला मागच्या दाराने पैसे परत. छोट्याला काहीच नाही, तो बिचारा छापील रेटच देत बसला. आणि जिथे स्पर्धा नाही अशा मधल्या गावांकडून कंपन्या भरपाई काढायच्या. पिओरिया आणि गिलमनचं कोडं आता सुटलं? पिओरिया नदीकाठचं शहर, बऱ्याच रेल्वे येऊन मिळायच्या, तिथे रेट चढवला तर माल दुसरीकडे जाणार. छोट्या गावाला पर्याय कमी, म्हणून ते दोघांचा बोजा वाहतंय. वाघ भांडतात आणि शेळी मरते.

फिंक 1875 ला लुइव्हिल सोडून अटलांटाला गेला. दक्षिणेतल्या रेल्वे आणि बोट कंपन्यांनी एक संघटना केली होती, सदर्न रेल्वे अँड स्टीमशिप असोसिएशन, तिचा तो कमिशनर. तिथे त्याने जे बसवलं ते म्हणजे त्याचा दुसरा पूल. मराठीत लिहिलं की नदीवरचा पूल आणि हा 'पूल' सारखाच दिसतो, पण हा म्हणजे पूलिंग मधला पूल, सगळ्यांनी एका जागी टाकायचं आणि ठरल्या हिश्शाने वाटून घ्यायचं. कल्पना साधी: रेट सगळ्यांचा एकच. माल कोणी किती न्यायचा त्याची टक्केवारी आधीच ठरलेली. कोणी जास्त नेला तर त्याने जास्तीचा माल किंवा पैसा कमी पडलेल्याला द्यायचा. मग गिऱ्हाईक पळवून फायदाच नाही, तर रेट पाडेल कोण?

1877 ला न्यूयॉर्कच्या मोठ्या लाइन्सनी त्याला बोलावून घेतलं. न्यूयॉर्कहून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालाची वाटणी ठरली: न्यूयॉर्क सेंट्रल 33 टक्के, इरी 33, पेनसिल्व्हेनिया 25, बाल्टिमोर अँड ओहायो 9. उलट्या बाजूने येणाऱ्या मालाला बंदरांचा रुसवाफुगवा होता, तर ठरलं की फिलाडेल्फियाचा रेट न्यूयॉर्कपेक्षा 100 पौंडाला 2 सेंट कमी आणि बाल्टिमोरचा 3 सेंट कमी. दोन-तीन सेंटांसाठी आख्खी शहरं भांडत होती, कारण धान्याच्या धंद्यात तेवढ्यावरच माल या बंदराला की त्या बंदराला ते ठरायचं.

एक गोष्ट मात्र इथे गिळून टाकू नये. त्याच 1877 च्या उन्हाळ्यात याच कंपन्यांनी कामगारांचे पगार 10 टक्के कापले. जुलैमध्ये बाल्टिमोर अँड ओहायोच्या मार्टिन्सबर्ग स्टेशनवर गाड्या अडवल्या गेल्या आणि बघता बघता देशभर संप पसरला, गोळीबार झाले, पिट्सबर्गला स्टेशन आणि शेकडो डबे जळाले. पगार कापायचा निर्णय फिंकचा नव्हता. पण मालक आपापसातली मारामारी मिटवायला एका टेबलावर बसू शकत होते आणि मालडब्याच्या टपावरून पळत हाताने ब्रेक फिरवणाऱ्या माणसासाठी तसं टेबल नव्हतं, हेही खरंच.

आता फिंकचं ऑफिस म्हणजे कारकुनांची फौज आणि आकड्यांचा डोंगर. कोणी किती माल नेला, कोणी गुपचूप रेट फोडला, कुठल्या मालाचा क्लास कुठला. क्लास म्हणजे असं की कापड पहिल्या वर्गात आणि धान्य खालच्या वर्गात, कारण शंभर पौंड कापडाची किंमत भरपूर, त्याला जास्त भाडं सोसतं, धान्याला तेवढं लावलं तर ते शेतातच सडेल. म्हणजे भाडं नुसत्या खर्चावर नाही, मालाला काय झेपेल त्यावरही. याच गटातून 1887 ला 'ऑफिशियल क्लासिफिकेशन' नावाची मालाची मोठी यादी आली, त्याआधी दर लाइनची यादी निराळी आणि व्यापाऱ्याचं डोकं फिरायची वेळ.

पण या दुसऱ्या पुलाला एक सळई कमी होती. कायद्याची. स्पर्धा रोखणारा करार कोर्ट लागू करून द्यायचं नाही, म्हणजे कोणी शब्द मोडला तर फिंक जाऊन सांगणार कोणाला? सगळं चालायचं ते भरवशावर, आणि समोरची मंडळी भरवशाची नव्हती. 1880 च्या दशकात रेट युद्ध पुन्हा पुन्हा पेटलं. फिंक सरकारला सांगत राहिला की पूलिंगला कायद्याचा आधार द्या, हवं तर वर देखरेख ठेवा. त्याचा मुद्दा असा की रेट स्थिर आणि सगळ्यांना सारखा राहिला तरच छोट्या व्यापाऱ्याशी भेदभाव थांबेल. यात तथ्य होतं. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा, पाच बलाढ्य कंपन्या एका खोलीत बसून भाव ठरवणार आणि म्हणणार हे तुझ्या भल्यासाठी आहे, कोण विश्वास ठेवेल? मी तरी ठेवला नसता. रोग त्याने अचूक ओळखला, औषध मात्र रोग्याला न विचारता मालकांनीच आपसात ठरवायचं होतं.

वाबाशच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 1886 ला सांगितलं की राज्याबाहेर जाणाऱ्या मालाचं भाडं राज्यं ठरवू शकत नाहीत, ते काम काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं. मग 4 फेब्रुवारी 1887 ला इंटरस्टेट कॉमर्स अ‍ॅक्ट झाला. त्यात एक कलम गिलमनसारख्या गावांसाठी, की साधारण सारख्या परिस्थितीत जवळच्याला लांबच्यापेक्षा जास्त भाडं लावायचं नाही. आणि एक कलम थेट फिंकच्या मुळावर: पूलिंग बंद.

1889 ला तो निवृत्त झाला. कंपन्या पूलऐवजी नुसतं रेट ठरवणाऱ्या संघटना करून बघत होत्या, तर 22 मार्च 1897 ला सुप्रीम कोर्टाने ट्रान्स-मिसुरी केसमध्ये तेही बेकायदा ठरवलं. त्यानंतर बाराच दिवसांनी, 3 एप्रिलला, फिंक गेला. मग रेल्वेवाल्यांनी तिसरा रस्ता काढला, एकमेकांचे शेअरच विकत घ्यायचे, करार करायची भानगडच नको. पुढे 1920 च्या ट्रान्सपोर्टेशन अ‍ॅक्टमध्ये 1887 च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाची परवानगी घेऊन पूलिंग करायला मुभा मिळाली, म्हणजे वर देखरेख ठेवा पण परवानगी द्या, फिंक मागत होता जवळजवळ तेच. फिंकला जाऊन तेव्हा 23 वर्षं झाली होती.